आक्काचा पालथा हात

आक्का कुणाच्याही गालावरून हात फिरवायची तो पालथा. तुर्भ्याच्या मसाला मार्केटात मिरचीची देठं खुडून तिच्या बोटांत तिखट मुरलं होतं. "तळवा लागला तर बोंबलशील," म्हणायची आणि हसायची. नवरा गेल्यावर याच कामावर तिने लेकीला, मंगलला, वाढवलं, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत आणलं. कोपरखैरण्यात आमच्या खोल्या शेजारी-शेजारी. मी तिचा धाकटा भाऊ, म्हणजे घरातला कर्ता पुरुष. कुणी धावपळ केली की ती विचारायची, "दूध उतू चाललंय का रं?"

तिला बरगडीखाली दुखायचं, बारीक ताप यायचा, अंग झडत चाललं होतं. स्कॅन झालं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मूत्रपिंडात गाठ आहे. कॅन्सरसारखी दिसते. पण काढून तपासल्याशिवाय खात्री नाही." त्यातलं शेवटचं वाक्य मी घरी आणलंच नाही.

आक्काला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. गावाहून थोरले काका फोनवर म्हणाले, "ती गेली तर लगीन वर्साच्या आत, न्हाईतर तीन वर्सं थांबा. बिनआईबापाच्या पोरीसाठी कोन थांबतंय? आत्ताच उरकून टाक." मी ऑपरेशन पुढे ढकललं आणि आलेलं पहिलंच स्थळ पक्कं केलं. मंगल एकदाच म्हणाली, "मामा, परीक्षेपर्यंत तरी थांबा ना."

"आईसाठी एवढंही करणार नाहीस?" मी म्हणालो. तिने पुस्तकं आवरून ठेवली.

"दूध उतू चाललंय का रं?" आक्का विचारत राहिली. अंगात ताप घेऊन, खुर्चीत बसून तिने अक्षता टाकल्या.

मग ऑपरेशन झालं. कॅन्सर नव्हताच. जुन्या खड्याने वाट अडून मूत्रपिंडात वर्षानुवर्षं पू साठला होता. असा संसर्ग क्वचितच होतो आणि हुबेहूब गाठीसारखा दिसतो. मी पेढे घेऊन वॉर्डात गेलो आणि आनंदाच्या भरात सगळंच सांगून बसलो. आक्काने पेढा हातातच धरला.

"म्हंजे मी मरनार म्हनून पोरीला उजवलीस?"

"हो."

"मला इचारायचं तरी. मी सांगितलं असतं, मी मरंन, पर तिला शिकू दे."

त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. मला चहा देते, चौकशी करते. मंगलचं शिक्षण मात्र थांबलं ते थांबलंच.

परवा मंगल माहेरी आली होती. आक्काने सवयीने पालथा हात तिच्या गालाला लावला. मंगलने तो हात उताणा केला, मनगटावर बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजू लागली.

"मोज सावकाश," आक्का म्हणाली. "दूध उतू चाललं न्हाई."

मी तिथेच होतो. मला मान वर करता आली नाही.