म्हशीचा मान डॉक्टरांनी खाल्ला

थर्मामीटर पाहून आमचे जनावरांचे डॉक्टर कधी हसले नाहीत. ताप उतरलेला असला तरी ते झटकून खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "अंग निवलं. आतड्याचं उद्या बघू." शुभ बोलायला इतका कंजूष माणूस तुमच्याही गल्लीत असेल.

त्या मे महिन्यात माझ्या वहिनीनं करमाडची गाभण म्हैस घेतली. टेम्पो भर दुपारी जालना रोडवर बंद पडला. वर पत्रा, बाजूंनी ताडपत्री. तो कसाबसा चालू होऊन चिकलठाण्यात पोचला. आमच्या दारापुढं म्हैस उतरवली, तशी ती जीभ बाहेर टाकून कोसळलीच.

डॉक्टर धावत आले. आम्ही बादल्यांवर बादल्या ओतल्या, घरातले पंखे बाहेर आणले. माझ्याकडं छत्रीचं काम होतं.

"भाऊ, म्हशीवर धरा की!" डॉक्टर ओरडले. "स्वतःवर काय धरून राहिलात?"

उन्हं कलली आणि म्हैस उठली. वहिनी लगेच ताट घेऊन आली. नवं जनावर दारात आलं की पायांवर पाणी, कपाळाला कुंकू आणि पुरणपोळीचा घास, अशी आमच्याकडची रीत.

डॉक्टरांनी ताट मधेच अडवलं. "आज खायला काय द्यायचं नाय."

"अहो, लक्ष्मी आलीय दारात. उपाशी ठेवू?"

"जनावर तापलं की रक्त कातडीकडं धावतं. आतड्याला पुरत नाय. आतलं अस्तर सोलून निघतं, पोटातली घाण रक्तात शिरते. त्यात हे गोड?"

"एकच घास, डॉक्टरसाहेब."

मग त्यांनी भलतंच केलं. उभ्या उभ्या सगळ्या पोळ्या स्वतःच खाल्ल्या. भरल्या तोंडानं म्हणाले, "झाला मान."

वहिनी त्यांच्याशी बोलेना. दुसऱ्या दिवशी शेणात रक्त आलं, रक्तात पांढरट सालपटं. तेव्हा तीच त्यांच्याकडं वळली. "वाचंल ना हो?"

"सलाईन चालू आहे, औषध दिलंय. नवं अस्तर धरलं तर वाचंल."

मी मोबाईलवर शोधून काहीतरी मोठ्यानं वाचायला लागलो.

"ते म्हशीला वाचून दाखवा, भाऊ. मला ऐकू द्या." आणि गोणपाटावर बसून त्यांनी म्हशीच्या पोटाला कान लावला. दुपारचा चहा तसाच गार झाला. घरात कुणी जेवलं नाही. जेवलो तो मीच, पण चोरून.

त्याच्या पुढच्या सकाळी त्यांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं. म्हैस रवंथ करत होती. वहिनीनं पदर डोळ्यांना लावला. डॉक्टर तिथंच गोणपाटावर आडवे झाले आणि घोरायला लागले.

पावसाळा सरता सरता म्हैस व्यायली, रेडी झाली. वहिनी खरवसाचा डबा घेऊन निघाली, मागं मी. डॉक्टरांच्या दवाखान्याला कुलूप होतं. शेजारचा सायकलवाला म्हणाला, "तुम्हाला कळलं नाय व्हय? गेले की डॉक्टर. झोपेतच."

वहिनी पायरीवर बसली. डबा अजून गरम होता. मी म्हटलं, "चला घरी."

"थांबा हो भाऊजी," ती म्हणाली. "निवू द्या जरा."