खरचटलंसुद्धा नाही

गाडी झाडावर आदळून स्टिअरिंग छातीत बसलं होतं, तरी काका माझ्या सोनोग्राफीच्या टेबलावर हसत होते. "मॅडम, खरचटलंसुद्धा नाही. पोरीनं उगाच आणलं." गर्भलिंग तपासणी होत नाही, ही भिंतीवरची पाटी वाचून म्हणाले, "माझं सांगितलंत तरी चालेल!"

हसतच मी गळ्याखालच्या खळगीत प्रोब टेकवला. पडद्यावर महाधमनीचा आतला थर फाटून प्रत्येक ठोक्याला फडफडत होता. 'मला काही झालं नाही' हे मी रोज ऐकते आणि कधीच खरं धरत नाही. माणसाला स्वतःची खबर कातडीपर्यंतचीच असते.

सर्जनना फोन लावला. "काका, आता अजिबात हलायचं नाही. लगेच ऑपरेशन लागेल."

त्यांनी नजर दाराकडे वळवली. मग म्हणाले, "पोरीला आत बोलवा. तिचं बरोबर होतं, एवढं सांगायचंय."