लांबून ऐकू येणारी बुलेट

हातभट्ट्यांवर छापे घालणारा फौजदार म्हणून माझी नगरला नुकतीच बदली झाली होती. बुलेटचा आवाज ऐकून भट्टीवाले पळायचे, म्हणून शांत सायलेन्सर निवडायला एका गॅरेजात गेलो.

मेकॅनिक पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यानं दोन सायलेन्सर लावून दाखवले. गाडी चालू करून दर वेळी तो धुरापुढं तळहात धरायचा आणि डोळे मिटायचा. पहिला वेशीपलीकडे ऐकू जाईल असा होता. दुसरा अगदी मुका.

"हाच बसवा," मी म्हणालो.

त्यानं पाना खाली ठेवला.

"तुमच्या आधीच्या सायबांनी असलाच घेतला हुता. मीच बसवला. गाडी भट्टीवर आली तरी माझ्या भावाला कळलं न्हाई." तो तळहाताकडे बघत होता. "आवाज लांबून आला की मानूस रानात पळतो, सायेब. एकदम म्होरं आला की हिरीत उडी टाकतो."

इंजिन चालूच होतं.

"पहिला बसवा," मी म्हणालो.

वर्षभर मला भट्ट्या पेटलेल्या सापडल्या, माणूस एकही नाही. वरच्या साहेबांनी कारण विचारलं. गाडीचा आवाज फार आहे, असं मी खरं तेच सांगितलं.