फुलबॅकची रिकामी जागा

सध्या माझी पोस्टिंग दुबईतल्या एका मैदानाच्या गेटवर आहे. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालो, आता सिक्युरिटी सुपरवायझर. मुलाकडे शारजात राहतो, ट्रॅफिकला शिव्या घालत ये-जा करतो.

शुक्रवारी इथे आयरिश लोक हर्लिंग खेळतात. आपल्या हॉकीचाच दांडगट भाऊ, चेंडू डोक्यावरूनही हाणायचा. त्यांचा कोच शेन एकदा चहा पिताना म्हणाला, "माझे पणजोबा मायकल नामी फुलबॅक होते, गोलसमोरचे शेवटचे बचावपटू. तेव्हा हेल्मेट नव्हतं. नाक दोनदा मोडलं, तरी जागा सोडली नाही. मग पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत गेले. इंग्रजांच्या शिपायाला आयरिश क्लबांत हर्लिंगची बंदी होती. क्लबने नाव कापलं, पुढच्याच रविवारी त्यांच्या जागी दुसरा उभा. फ्रान्समध्ये मारले गेले, तरी क्लबने नाव घेतलं नाही. तुमच्या फौजेत असा खेळाडू गेला तर काय करतात, सर?"

त्या क्लबचा मला संताप आला होता. मी सांगितलं.

सीमेवरच्या पोस्टवर मी हवालदार होतो. नायक इस्माईल माझ्या सेक्शनमध्ये, माझ्यासारखाच रत्नागिरीचा. बटालियनच्या हॉकी टीमचा फुलबॅक. फायनल तोंडावर आली की खेळाडूंना पेट्रोलिंगमधून सूट मिळे. त्याने ती घेतली नाही.

"हवालदारसाहेब, मैदानात मी मागे असतो. इथे नाही राहणार."

पहाटे नाल्यापाशी फायर आला. इस्माईल पडला. मी रेडिओ उचलला.

"एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"जखमी की शहीद? ओव्हर."

ऑपरेटरने पुन्हा विचारलं.

"शहीद. ओव्हर."

फायनल आम्ही दहा जणांनी खेळलो. फुलबॅकच्या जागी कुणालाच उभं केलं नाही. सडकून हरलो. बटालियनचे प्रमुख, सीओसाहेब, यांनी कुणालाही जाब विचारला नाही.

शेनने ऐकून घेतलं, हात मिळवला आणि निघून गेला.

पुढच्या शुक्रवारी त्याची टीम एक गडी कमी घेऊन उतरली. गोलसमोरची जागा मोकळी. पहिलाच चेंडू तिथून थेट आत गेला. समोरच्या टीमला आधीच सांगून ठेवलं होतं, कुणी जल्लोष केला नाही. सगळ्यांनी स्टिका खाली ठेवल्या.

शेन त्या जागेवर जाऊन उभा राहिला आणि पणजोबांचं नाव मोठ्याने घेतलं. मग गेटकडे वळला. "सर, तुमचा माणूस?"

मी सावधान झालो. डोळे वाहत होते, वाहू दिले.

"नायक इस्माईल!"