गोलपाच्या रानावरची बैठक

धरणाकडची कामं चालू होती तेव्हा तिथल्या साहेबांसाठी आमच्या गावाच्या वरच्या अंगाला गोल्फ खेळायचं मैदान केलं होतं. गावात त्याला गोलपाचं रान म्हणायचे. मी लग्न होऊन घोटावड्याहून तिथं आले, तोवर साहेब लोक निघून गेले होते. त्यांच्या क्लबाच्या कौलारू खोलीला कुलूप होतं. खेळायला कुणी येत नव्हतं. तरी मैदान हिरवंगार होतं, कारण माझे सासरे ते राखत होते. मैदान एका सरकारी खात्याकडे आलं होतं. त्याचं पुढं काय करायचं हे कुणी ठरवलेलं नव्हतं, म्हणून मामंजींची माळ्याची नोकरी चालूच राहिली होती.

त्या रानातला एक तुकडा पूर्वी आमचाच. भाताची खाचरं होती तिथं. ती गेली आणि बदल्यात ही नोकरी मिळाली. आपल्याच जमिनीत नोकर झालेला माणूस मनातून कडू झाला असेल, असं मी धरून चालले होते. तसं काही नव्हतं. सकाळी भाकरी बांधून घेऊन जे जायचे ते दिवस मावळताना यायचे, आणि जेवताना गवताबद्दलच बोलायचे. कुठं डुकरांनी उकरलं, कुठं पिवळं पडलं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. माझे मालक पुण्याला कारखान्यात, ते रविवारी येणार. ऐकायला मी एकटी.

पावसाळ्यात कुणाला काही वाटायचं नाही. आमच्या मुळशीत तेव्हा सगळंच हिरवं असतं. पण होळी झाली की विहीर तळाला जायची. बायका ओढ्यात झिरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरायच्या, आणि वर मामंजींचं पाणी उपसायचं इंजिन सुरू व्हायचं. त्याची फटफट झिऱ्यापाशी स्पष्ट ऐकू यायची. मला तोंडावर कुणी फार बोलत नसे. फटफट सुरू झाली की बायकांचं बोलणं थांबायचं, एवढंच. एकदा शेजारच्या काकू शांतपणे म्हणाल्या, "तुज्या सासऱ्याचं गवत बसलं बघ पानी प्यायला." मी मान वर न करता घागर भरत राहिले.

घरी येऊन मी मामंजींना म्हटलं, "थोडं पाणी खाली सोडलं तर चालणार न्हाई का?"

"सरकारचं इंजिन हाय, बाई. गवतासाटी दिलंय."

"मग गुरं तरी चरू द्या कडंकडंनं."

"खुरांनी खड्डं पडत्यात," ते म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

शेवटी गावानं खात्याकडे मागणी केली. मैदान गुरांना चरायला मोकळं करा आणि इंजिनाचं पाणी गावाला द्या. खात्याचा साहेब आणि तालुक्याच्या पंचायतीचा एक सभासद, दोघांनी जागेवर येऊन पाहायचं आणि निर्णय द्यायचा, असं ठरलं. तो सभासद म्हणजे माझा थोरला भाऊ. नुकताच निवडून आला होता.

आदल्या दिवशी दादा आमच्याकडे चहाला आला. मामंजी रानात होते. चहा बशीत ओतत तो म्हणाला, "हे गवत काय ऱ्हात न्हाई आता. मी साहेबाला बोललोय, मामांना दुसरं काम देऊ. फकस्त त्यांना म्हनावं, उद्या गप बसा. मला त्यांच्यासमोर तोंड उघडाया लावू नका."

रात्री जेवताना मी ते जसंच्या तसं सांगितलं. मामंजींनी ऐकलं आणि मीठ मागितलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या खुर्च्या मैदानावर मांडल्या होत्या. सगळं गाव आलं होतं. मी बायकांमध्ये उभी होते. मामंजींनी पहाटेपासून यंत्र ढकलून सगळं गवत कापलं होतं, पाणी मारलं होतं. धरणावरच्या साहेबांनी जाताना दिलेला जाड कोट त्यांनी घातला होता, भर चैत्रात. आणि जिथं जिथं चेंडू घालायची भोकं होती, तिथं तिथं काठ्या रोवून त्यांना निशाणं बांधली होती. पिवळी निशाणं, कडेला हिरवा काठ.

काकूंनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुजं लुगडं का गं ते?"

माझंच होतं. जुनं झालं होतं, गोधडीसाठी मी घडी करून ठेवलं होतं. मला न विचारता त्यांनी फाडलं होतं. "व्हय, माजंच," मी म्हटलं. मागं कुणीतरी पदर तोंडाला लावून हसलं. वाऱ्यावर माझ्या लुगड्याचे तुकडे गावासमोर फडफडत होते आणि मला अंगावर काही नसल्यासारखं वाटत होतं.

साहेब सभ्य माणूस होता. त्यानं विचारलं, "इथं सध्या कुणी खेळतं का?" कुणी खेळत नव्हतं. मग गावाचं म्हणणं ऐकलं. काकूच बोलल्या. झिऱ्यावर घागर भरायला किती वेळ जातो, गुरांना चारा आणायला कुठवर जावं लागतं. सगळं खरं होतं. साहेबानं मान डोलावली. विषय तिथं संपत होता.

पण मामंजी पुढं आले. दादा खुर्चीतल्या खुर्चीत सावरून बसला.

"साहेब, हितं माजी खाचरं व्हती," मामंजी म्हणाले. "जलमभर भात लावला. चांगला पिकायचा. पन बांधावर थांबून कुनी बघितला न्हाई. ह्या गवतासाटी लोकं मोटारीतनं उतरायची. बाईसायेब चपला काडून चालायच्या. एवडं एक काम माज्या हातनं बघन्यासारकं झालंय. ते ठिवा."

मग पाठीमागून कुणी म्हणालं, "आन आमी काय प्यायचं, ते पन सांगा म्हनावं."

मामंजींना ते ऐकू आलं नसावं. क्लबाच्या खोलीचं कुलूप उघडून त्यांनी खेळायची एक काठी आणली होती. ती साहेबापुढं धरून म्हणाले, "येक डाव मारून बगा. मग ठरवा."

"मला नाही येत हो," साहेब ओशाळून म्हणाला.

"मग मी दावतो."

"मामा, ऱ्हाऊ द्या," दादा म्हणाला.

मामंजींनी कोटाच्या खिशातला चेंडू काढून गवतावर ठेवला. इतकी वर्षं त्यांनी फक्त पाहिलं होतं, काठी कधी हातात धरली नव्हती. कोट काखेत आवळत होता. त्यांनी दोन्ही हातांनी काठी वर नेली आणि जोरात मारली. चेंडू जागचा हलला नाही. गवताचं मोठं ढेकूळ उडून साहेबाच्या खुर्चीपाशी पडलं.

सगळे हसले. बाया हसल्या, म्हातारी माणसं हसली. मामंजी ते ढेकूळ आणायला गेले, परत येऊन खाली बसले, ते जागेवर ठेवलं आणि पंज्यानं दाबू लागले. सगळीकडून एकसारखं, हळूहळू, जणू भोवती कुणी नाही. मला वाटलं, पुढं जाऊन त्यांना उठवावं. पण गावासमोर सुनेनं सासऱ्याच्या दंडाला धरणं आमच्यात चाललं नसतं. दादानं माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. दोघांनाही एकमेकांची लाज वाटली. माझ्या घरच्या माणसाला त्यानं असं पाहिलं, आणि तो निर्णय देणाऱ्याच्या खुर्चीत बसलेला मी पाहिला.

निर्णय त्याच दिवशी तोंडी झाला. मैदानाची देखभाल बंद, गावात टाकी बांधून इंजिन तिला जोडायचं, मामंजींना टाकीवर काम. मला विचारलं असतं तर मीही तेच ठरवलं असतं. संध्याकाळी मामंजींनी लुगड्याचे तुकडे सोडून आणले आणि चुलीपाशी ठेवले. "इचारायला पायजे व्हतं तुला," एवढंच म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात टाकीला पाणी आलं. मामंजी वेळेवर चावी सोडायचे, रांग नीट लावायचे. बायका माझ्याशी पुन्हा मोकळ्या बोलायला लागल्या. गोलपाच्या रानावर गुरं बसायला लागली, पावसानंतर ते चिखलानं काळं झालं, मग टणटणीची झुडपं वाढली. मामंजी त्या वाटेनं जायचे नाहीत. ओढ्याकडून वळसा घालायचे.

गावच्या जत्रेला दादा जेवायला आला. वर्षभर तो आला नव्हता. मामंजींनी त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं, वाटीत रस्सा वाढायला लावला. जेवणं निम्म्यावर आली तेव्हा ते म्हणाले, "तू केलंस ते बरुबर केलंस. मी तुज्या जागी असतो तर दुसरं काय केलं असतं."

दादा खाली मान घालून जेवत होता.

"येक इचारू का? त्या दिवशी कुनी बोललंच न्हाई. गवत कसं व्हतं?"

मी भाकरी थापायची थांबले.

"मी नीट बघितलंच न्हाई, मामा," तो म्हणाला. "सगळा येळ खालीच बगत व्हतो."

"खालीच तर व्हतं ते," मामंजी म्हणाले, आणि मला त्याला आणखी भाकरी वाढायला सांगितलं.