फिरती पेटी आणि माझी तीन सूत्रं

वेळ दुपारी दोनची. ठिकाण देवरीच्या बसस्टँडसमोरची चहाची टपरी. महिना मे. साल दोन हजार दहाच्या आसपासचं.

आता तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. माझी फजिती झाली. साधी नाही, पहिल्या पानावर झाली. दुसऱ्या कोणी माझ्यामागे ती तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगतो. निदान मराठी तरी शुद्ध राहील.

वीस वर्षं बातमीदारी केली होती. आमदारांशी भांडलो, ठेकेदारांशी भांडलो, पोलिसांशी तर रोजच. पण एकदाही खुलासा छापावा लागला नव्हता. का? नियम! तीन सूत्रांनी दुजोरा दिल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. हा नियम मी नव्या बातमीदारांना इतक्या वेळा ऐकवला होता, की मला बघून ते रस्ता बदलायचे.

तर त्या दुपारी माझ्या मागच्या बाकावर दोघे बसले होते. एक बिसेन गुरुजी. चिचगडच्या पुढे एका गावात शाळेवर होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माणूस अजून नोकरीत आहे. दुसरा दिलीप, त्याच गावातला औषधाच्या दुकानाचा मालक. दोघांचीही पाठ माझ्याकडे.

"पेटी उघडली का गा काल?" गुरुजी.

"उघडली जी. पिस्तोल निघाली. फालतू!"

"मंग भिंतीवरची बारा बोरची बंदूक घ्याची ना."

"बारा बोरले गोळ्या पुरत नाही गुरुजी. चार मुडदे पडले का नळी रिकामी. भरता भरता मागून येऊन धरतात."

माझा कप ओठांपाशी थांबला.

"मशीनगन?"

"वजनदार लय. घेऊन पळता येत नाही. त्यापक्षा कुऱ्हाड बरी. ना आवाज, ना गोळी."

"पेटी आता कुठं आहे?"

"ते एका जागी राहते कुठं? काल गोदामात होती, आज सरकली."

"मंगळवारी चार वाजता लाईन येते. शाळेच्या मागच्या खोलीत बसू, दार लावून. हवालदारालेही सांगतो."

एवढं बोलून दोघे बसमध्ये चढले. आता तुम्हीच सांगा. आमचा हा भाग जंगलाचा. रात्री जीप थांबली तरी माणसं दिवा मालवतात. अशा ठिकाणी फिरत्या पेटीतून मशीनगन निघते आणि हवालदार सामील आहे, हे ऐकून मी काय दुसरा चहा मागवायचा होता? बरं, मे महिन्यात शाळेला सुट्टी. गुरुजींना शाळेत काय काम?

हे झालं पहिलं सूत्र. दुसरं शोधायला मी सरळ त्या गावच्या हवालदाराकडे गेलो.

आमच्या धंद्यात थेट विचारायची पद्धत नाही. थेट विचारलं की समोरचा म्हणतो, "मले काय माहीत?" म्हणून सगळं ठाऊक असल्यासारखं बोलायचं. उरलेलं तो स्वतः ओकतो. हवालदार पानाच्या ठेल्यावर उभा होता. मी बाजूला जाऊन हळूच म्हटलं, "काय हवालदार, पेटी कुठं सरकली?"

त्याच्या हातातलं पान खाली पडलं.

"तुम्हाले कोन सांगतलं? भाऊ, पाया पडतो, साहेबाले नका सांगू!"

"नाही सांगत. तुम्ही कोणती चालवता?"

"मी तर लांब नळीची. दुरून डोक्यात घातली का एका गोळीत काम."

"काल किती पाडले?"

"पस्तीस," तो चक्क लाजला.

पस्तीस! आणि एकाही पेपरात ओळ नाही! माझ्या तोंडून शिवी निघता निघता राहिली. रागानं नव्हे, आनंदानं.

"पन मुडदे पुन्हा उठतात ना जी," तो कुरकुरला. "तेच तर वांधे आहेत."

इथं कोणीही शहाणा माणूस थांबला असता. मी थांबलो नाही. कारण मेलेले मजूर उठून रोजगार हमीच्या हजेरीवर सह्या करतात, ही बातमी दोन वर्षांपूर्वी मीच छापली होती. आमच्याकडे मुडदा उठला तर लोक घाबरत नाहीत, त्याला मजुरी मिळाली का ते विचारतात. मी मनाशी जुळवून टाकलं, शस्त्रांची टोळी आणि हजेरीचा घोटाळा एकच!

तिसरं सूत्र सुखदेव. त्या गावातला आमच्याच पेपरचा एजंट. त्याला फोन लावला.

"सुखदेव, शाळेच्या मागच्या खोलीतलं मला सगळं कळलं आहे."

पलीकडून रडवेला आवाज. "भाऊ, मी दोनदाच गेलो! मले तर बंदूक देतही नाही. कुऱ्हाडच देतात. नवा आहे ना मी!"

झालं! तिघांचा दुजोरा. मी गोंदियाला संपादकांकडे धावलो. ते हिशेबी माणूस.

"फोटो है क्या?"

"नाही."

"सोर्स?"

"तीन."

"तो फिर सोच क्या रहे हो? छापो!"

मंगळवारी सकाळी पहिल्या पानावर, माझ्या नावासकट, पाच कॉलम: 'शस्त्रांची पेटी फिरतेय, पोलीस झोपेत?'

दहा वाजता त्या झोपलेल्या पोलिसांच्या साहेबाचा फोन. "चला, तुम्हीच दाखवा."

मी पोलिसांच्या जीपमध्ये बसत नाही. तत्त्व आहे. म्हणून त्यांच्या जीपमागे माझी स्कूटर. गावाबाहेर जीप उभी राहिली. मी स्कूटर शाळेसमोरच्या मोहाच्या झाडाखाली लावली. साहेबांनी शिपाई पांगवले. चार वाजले.

लाईन आली, म्हणजे वीज आली. आणि मागच्या खोलीतून ठो! ठो! धडधडधडधड!

"खाली!" साहेब ओरडले. मी खाली पडलो. निवड करायला वेळ नव्हता, त्यामुळे उकिरड्यात पडलो. आतून मशीनगन चालली होती. मधेच कोणी गुरगुरत होतं. त्यावर गुरुजींचा आवाज:

"अरे मेलो! मेलो! उठव ना मले! काऊन उभा राहिला?"

"माझ्या गोळ्या संपल्या जी!"

"मंग कुऱ्हाड चालव!"

मी शेणात तोंड खुपसून पुढची हेडलाईन जुळवत होतो, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात अगदी जवळून एक आवाज आला. ठण्ण! हा आवाज वेगळा होता. हे लक्षात ठेवा.

आणि मग लाईन गेली.

लाईन गेली तशी गोळीबार थांबला. मशीनगन अर्ध्यावर मुकी झाली. वीज गेल्यामुळे चकमक थांबलेली मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

आतून एकमुखानं, "हात्तेरी!" दार उघडलं. बिसेन गुरुजी बनियनवर, कपाळाचा घाम पुसत बाहेर आले. समोर चार बंदुकांच्या नळ्या. गुरुजींनी हात वर केले.

"साहेब, सुट्टी आहे म्हणून खेळून राहिलो जी! बायको, पोरं आहेत. नोकरी जाईल माझी!"

आत काय होतं? शाळेला मिळालेला संगणक. त्याला झेंडावंदनाचा भोंगा जोडलेला. गेममध्ये मुडदे चालून येतात, आपण गोळ्या घालायच्या. बंदूक भिंतीवरून घ्या, नाहीतर पेटीतून काढा. नशिबात असेल ती निघते, आणि पेटी जागा बदलते. दिलीपनं मला हे सगळं तिथंच समजावलं. मी विचारलं नव्हतं.

आणि संगणकासमोर ओळीनं बसून खेळत होते कोण? गुरुजी आणि दिलीप, हवालदार, सुखदेव. माझी तिन्ही सूत्रं एका सतरंजीवर! गुरुजींची जागा जरा उंच होती. त्यांनी बुडाखाली त्या दिवशीच्या पेपरांचा सुखदेवनं न सोडलेला गठ्ठा घेतला होता. म्हणजे माझ्या पाच कॉलमांवर ते मघापासून बसून होते.

साहेबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. शेण बरंच होतं.

"यातलं कोण झोपेत होतं, पत्रकारसाहेब?"

गुरुजींना गाडीत घालायचं असं साहेबांनी ठरवलंच होतं. पण तेवढ्यात त्यांच्याच हवालदारानं बनियनवर सलाम ठोकला, आणि प्रकरण वर गेलं तर कोणाकोणाला भोवेल हे त्यांच्या ध्यानात आलं. गुरुजींची नोकरी वाचली. हवालदार नुसत्या दमावर सुटला. वीस वर्षांतला पहिला खुलासा मी स्वतःच्या हातानं लिहिला. शेवटच्या पानावर, केसाच्या तेलाच्या जाहिरातीखाली.

पण गोष्ट इथं संपत नाही. त्या संध्याकाळी घरी निघालो, तर स्कूटरच्या डिकीला आरपार भोक! माझा पोळीचा डबाही गेला.

"साहेब, ही गोळी कोणी झाडली?"

"पथकातल्या कोणीही गोळी झाडलेली नाही."

"मग आतून आली?"

गुरुजी कळवळून म्हणाले, "भाऊ, देवाशपथ, मी तर तेव्हा मेलेलो होतो!"

मी पेटून उठलो. सरकारी गोळी, पत्रकाराची डिकी! रात्रीतून बातमी लिहिली, सकाळी संपादकांपुढे आपटली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "तीन सोर्स हैं क्या?"

स्कूटर अजून दारात उभी आहे. भोकही आहे.