भिंत लिहिण्याचा चष्मा

डोळ्यांमुळं माझ्या हातून पहिली चूक झाली ती लातुरात, एका शिकवणीच्या भिंतीवर. बारावीत वर आलेल्या मुलांची नावं लिहायची होती. डाव्या हातात यादीचा कागद, उजव्या हातात ब्रश, आणि मी शिडीवर.

दुसऱ्या दिवशी नायगावहून एक गृहस्थ लेकीला घेऊन एसटीनं आले. भिंतीवर लेकीचं नाव लागलंय, त्याच्यापुढं फोटो काढायचा होता. बराच वेळ ते वर बघत राहिले. मग म्हणाले, "पेंटर, हे आडनाव आमचं न्हाई."

मी 'घ'चा 'ध' केला होता.

शिकवणीचे सर बाहेर आले. माझ्याहून बरेच लहान. आदल्या दिवसापर्यंत मला 'उस्ताद' म्हणायचे. "चाचा, दिसत नसेल तर सांगा," ते म्हणाले. "दुसरा माणूस बघतो. नाहीतर आता फ्लेक्सपण मिळतंय."

उस्तादचा चाचा व्हायला एक अक्षर पुरलं.

"दिसतं," मी म्हणालो. खोटंच बोललो. मग त्या मुलीलाच जवळ बोलावलं. "बेटा, तू एकेक अक्षर सांग, मी लिहितो." तिनं सांगितलं, मी लिहिलं. दोघं फोटो काढूनच परत गेले. मी मात्र शिडी तिथंच टेकवून रस्त्याच्या कडेला बसलो. हात चांगले होते, रंग चांगला होता. कागदच तेवढा पाण्यात भिजल्यासारखा दिसत होता.

मी मूळचा कंधारचा. नांदेडला एका उस्तादांच्या हाताखाली रंग ढवळता ढवळता अक्षर शिकलो. भूकंपानंतर इकडं नवी गावं वसली, तेव्हा घरांवर नंबर आणि नावं लिहायला आलो. काही बाया दारावर नाव लिहून झाल्याशिवाय सामान आत नेत नसत. कुणी गेलेल्या माणसाचंच नाव लिहायला सांगायचं. मी काही न विचारता लिहायचो. तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढं अक्षरही काढत होतो. पुढं लातुरात शिकवण्या वाढल्या, गल्लीगल्लीतल्या भिंती रंगायला लागल्या, आणि मी इथलाच झालो.

त्या 'घ'नंतर गुपचूप डोळे तपासले. चाळिशी निघाली. चष्म्याच्या दुकानदारानं बायफोकल दिला. वरून लांबचं बघा, खालून जवळचं. तो घालून पहिल्याच दिवशी शिडी उतरताना खाली बघितलं, तर पायरी वर आल्यासारखी वाटली. पाय हवेत पडला. रंगाचा डबा गेला, मी कसाबसा लोंबकळून राहिलो. डोक्याच्या वरचं लिहिणं त्याहून अवघड. जवळचा नंबर काचेत खाली, आणि अक्षर वर. हनुवटी आभाळाकडं करून लिहावं लागे. दुपारपर्यंत मान लाकूड व्हायची.

बायको मिठाच्या पुरचुंडीनं मान शेकत होती. "आता बस करा जी," ती म्हणाली. "खाली बसून गाड्यांचे नंबर लिहा."

"गाड्यांचे नंबर कुणीबी लिहील."

"आन् पडलात तर?"

"पडलो तर उचल."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना एकदम म्हणाली, "त्या दुकानदारानं तुमाला खुर्चीवर बसवूनच नंबर काढला ना? त्याला शिडी काय म्हाईत?"

जेवण उरकून मी ब्रश घेतला आणि थेट दुकानात गेलो.

"चाचा, सगळे हाच घालतात," दुकानदार म्हणाला. "वय झालं की सवय करून घ्यावी लागते."

"सगळे पेपर वाचत असतील. मला भिंत लिहायचीय." मी शिडीवर करतो तसा हात वर केला. "डोळ्यापासून ब्रशच्या टोकापर्यंत मोजा. एवढ्या अंतराचा चष्मा पायजे. पूर्ण काचेत एकच नंबर."

दुकानातले लोक हसायला लागले. मी हात खाली घेतला नाही. शेवटी त्यानं टेप काढला.

तो चष्मा घालून रस्त्यात बघितलं तर समोरचा माणूस ओळखू येत नाही. पण हातभर अंतरावरचं अक्षर, वर असो की खाली, लख्ख. चढता-उतरताना तो दोरीनं गळ्यात सोडतो. आणि तेव्हापासून एक नियम केला: यादी मोठ्या अक्षरात लिहून आणायची, मी ती भिंतीलाच चिकटवणार, म्हणजे तीही ब्रशएवढ्याच अंतरावर.

"एवढं मोठं लिहायला कागद पुरत नाही," तेच सर कुरकुरले.

"मग दुसरा कागद घ्या."

त्यांनी घेतला.

पुढं फ्लेक्स सगळीकडं झालंच. शहरातल्या भिंती कमी झाल्या, खेड्यातल्या शाळा राहिल्या. नंबर दोनदा बदलला, दोन्ही वेळा मी दुकानात हात वर करून उभा राहिलो. आता उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आलाय. डॉक्टरबाई म्हणाल्या, ऑपरेशन करून टाकू.

"करा. पण शिडीवर कधी चढू?"

"या वयात शिडी कशाला?"

"वय तुमच्या कागदावर हाय. मी कधी चढू ते विचारलं."

बाई हसल्या. दीड महिना म्हणाल्या. मी महिन्यावर आणायचा लई प्रयत्न केला, पण त्या हटल्या नाहीत. दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच मी औशाजवळच्या ज्या शाळेचं काम घेतलं होतं तिथं फोन लावला आणि सांगितलं, दीड महिना भिंतीला कुणाला हात लावू देऊ नका.